बंडीचा चोरखिसा

बेल्ह्यात सुवालाल शेठच्या कापड दुकानाच्या ओट्यावर माझं शिलाई मशीन एकतीस वर्षं आहे. एवढ्या काळात मापाच्या अकरा वह्या भरल्या. छाती, कंबर, मुंढा, दंड, बाही, सगळं तारखेसकट. गावात कोण सुटलं, कोण सुकलं, कुणाला दिवस गेले आणि ते सासूपासून किती महिने लपवलं, हे आधी माझ्या टेपला कळतं, मग गावाला. लंकाबाई दर दिवाळीला म्हणते, "दादाभाऊ, मागचंच माप धरा." मी मागचं माप धरतो आणि शिवणीत दीड इंच कापड जास्त दाबून ठेवतो. संक्रांतीला ती येते आणि "जरा ढिलं करा" म्हणते. मी काही बोलत नाही. बोलत असतो तर या गावानं माझं मशीन कधीच ओट्यावरून खाली ठेवलं असतं.

पण एक नोंद मी पाच वर्षं अशीच दाबून ठेवली आणि ती एका बाईच्या पायांवर बेतली, म्हणून हे लिहायला बसलो.

बाई म्हणजे भंवरीबाई, शेठच्या मंडळी. वय सदुसष्ट. मी त्यांना भाभी म्हणतो. बोलणं कमी, ऐकणं जास्त. दुकानात ठाण उलगडलं की आतल्या खोलीतून आवाजावरून सांगतात, पॉपलिन की केंब्रिक. गेल्या दिवाळीनंतर त्या ब्लाउजच्या मापासाठी ओट्यावर आल्या. ओट्याला तीन पायऱ्या. दोन नीट चढल्या, आणि तिसऱ्या वेळी पाय टाकला तो जिथं पायरीच नव्हती तिथं. मी हात दिला म्हणून मशीनवर पडता पडता वाचल्या.

"चक्कर आली का, भाभी?"

"नाय हो. पायाखाली कापूस अंथरल्यासारखं वाटतं. पायरी कुठं संपते तेच कळत नाय."

मी टेप लावली. दंड साडेनऊ. वही काढली. मागच्या वर्षी साडेदहा, त्याच्या मागच्या वर्षी अकरा. धुतलेलं कापडही एवढं आटलेलं मी पाहिलेलं नाही. तेवढ्यात त्या काहीतरी बोलायला गेल्या आणि जीभ दिसली. लाल, आणि इस्त्री फिरवल्यासारखी गुळगुळीत.

घरात उपाय चालूच होते. सून डिंपल खजूर देत होती, डाळिंब सोलून देत होती, भाजी लोखंडी कढईत करत होती. मेडिकलमधून लोहाच्या गोळ्याही आणल्या होत्या. गुण काही नाही. शेठना मात्र चिंता कमी आणि अभिमान जास्त. ओट्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, "आमची मंडळी कित्येक वर्षं दुधाला शिवली नाही. दही नाही, ताक नाही, चहासुद्धा कोरा. तपस्या आहे राव! चेहऱ्यावर तेज बघा." मी बघितलं. रंग जुळवणारा माणूस मी; ते तेज नव्हतं, फिकुटलेला पिवळा होता.

शेठबद्दल वाईट सांगण्यासारखं फारसं नाही. मीटरनं कापड मोजताना अंगठा पुढं सरकवत नाहीत, फाटकं निघालं तर परत घेतात. खोड एकच, तंबाखू. पाच वर्षांपूर्वी चातुर्मासात साध्वीजींसमोर हात जोडून त्यांनी ती जन्मभरासाठी सोडली. सगळ्या गावाला सांगितलं. आणि ज्या आठवड्यात सोडली त्याच आठवड्यात माझ्याकडून दोन बंड्या शिवून घेतल्या. त्या बंड्यांचं पुढं येईलच.

समोरच्या गाळ्यात डॉक्टर नूतनचा दवाखाना आहे. पोरगी पश्चिमेकडच्या डोंगरातली. आई भागूनं भाताची खाचरं आणि नाचणी करून तिला शिकवली. तिचा पहिला पांढरा कोट मी शिवला, म्हणून मला मामा म्हणते आणि कोट उशिरा दिला म्हणून अजून टोमणे मारते. मी रस्त्यापलीकडं हाक मारली. तिनं भाभींची जीभ बघितली, डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. भाभी झाडासारख्या डुलल्या. तिनं रक्त काढून आळेफाट्याला तपासायला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रिपोर्ट घेऊन ती स्वतःच ओट्यावर आली. भाभी स्टुलावर, डिंपल त्यांच्या मागं, शेठ गादीवर, मी मशीनवर.

"रक्त कमी आहे, पण लोह भरपूर आहे," नूतन म्हणाली. "लाल पेशी कमी आहेत. आणि ज्या आहेत त्या नको तेवढ्या मोठ्या आहेत."

"मोठ्या?" शेठ खुलले. "मग बरंच की. माल कमी पण भरदार."

"शेठ, मोठ्या आहेत कारण त्यांच्या दोन व्हायच्या राहून गेल्या." तिनं माझ्या डब्यातली एक चेन उचलली, ड्रेसच्या पाठीला लावतात ती, आणि ती सर्रकन उघडली. "हे बघा. प्रत्येक पेशीत अशी एक चेन गुंडाळून ठेवलेली असते. शरीर कसं चालवायचं ते सगळं तिच्या दात्यांच्या क्रमात. दाते चारच जातींचे आणि कुणासमोर कोण बसणार ते ठरलेलं. एका पेशीच्या दोन व्हायच्या असल्या की त्याआधी ही चेन उघडते. दोन्ही बाजू सुट्या होतात. मग या बाजूसमोर नवी बाजू बसवली जाते, आणि त्या बाजूसमोरही नवी. एका चेनच्या दोन चेनी. प्रत्येकीत एक बाजू जुनी, एक नवी. मग पेशी मधून दुभागते आणि दोघींना एकेक चेन मिळते."

"म्हंजी जुनी बाजू हेच मापाचं ब्लाउज," मी म्हणालो. बायका नवीन ब्लाउज टाकताना बसणारं जुनं देतात, त्यावरून आम्ही कापतो.

"तेच. मापाचं ब्लाउज हरवत नाही, नव्यातच शिवलेलं राहतं."

"आन् दाता चुकीचा बसला तर?"

"बसवणारा बसवता बसवताच तपासतो. चुकला की तिथंच काढून दुसरा लावतो."

"उसवून."

"उसवून. तरी एखादा नजरेतून सुटतो म्हणा."

"कारागीर बरा दिसतोय."

"सहाशे कोटींच्या वर जोड्या, मामा. आणि काम सात-आठ तासांत पुरं. तुम्ही माझा एक कोट चौदा दिवस लावला होता."

डिंपल तोंडावर पदर धरून हसली. भाभीसुद्धा हसल्या असाव्यात, पण त्यांचं हसणं मोजायला टेप पुरत नाही.

"मग हिचं अडलं कुठं?" शेठनी विचारलं.

"चौथ्या जातीचा दाता तयार करायला शरीराला एक जीवनसत्त्व लागतं, बी-ट्वेल्व. ते यांच्यात संपलंय. चेन उघडते, काम सुरू होतं, आणि दाता नाही म्हणून अडून बसतं. पेशी बाकीची सगळी तयारी करून फुगत राहते. दोन काही होत नाहीत."

हे मला लगेच पटलं. एका लग्नसराईत माझा मरून दोरा संपला होता. कापलेल्या कापडांचा गठ्ठा खांद्यापर्यंत आला, आणि गिऱ्हाइकाच्या हातात एक ब्लाउज गेलं नाही.

"जिथं रोज नवा माल लागतो तिथं आधी दिसतं," नूतन पुढं म्हणाली. "लाल पेशी तर सेकंदाला वीस लाख नव्या लागतात. मग जीभ. पायांचं कारण जरा निराळं आहे, तिथं नसांवरचं आवरण झिजतं. पण कमी याच जीवनसत्त्वाची. तुमच्यात मांस-मासळी नाही, म्हणजे हे मिळणार दूध, दही, ताकातून. यकृतात, म्हणजे लिव्हरमध्ये, साठा असतो तो चार-पाच वर्षं पुरतो, म्हणून इतके दिवस कळलं नाही. दूध नक्की कधी बंद केलं?"

शेठ आढ्याकडं बघायला लागले. भाभी जमिनीकडं.

"बरं, राहू दे. इंजेक्शन आजच सुरू करू. आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला."

"नको," भाभी म्हणाल्या.

"मम्मी, सुईच तर आहे," डिंपल म्हणाली.

"सुईची भीती नाय गं. दूध तोंडानं सोडलं आन् त्यातलं दंडातून घ्यायचं, ही पळवाट झाली. आपल्या घरात पळवाटा काढायला एक माणूस आहे. दुसरं नको."

"काकू, हे दुधातून नाही काढत, कारखान्यात बनवतात," नूतननं सांगून पाहिलं. "आणि औषधाला तर तुमच्या नियमात मोकळीक असते ना?"

"असते. मी ठेवली नव्हती."

"मग नियम सुटणार कधी?"

"ज्याच्यापायी आहे त्याला ठाऊक."

हे बोलताना त्यांनी शेठच्या तोंडाकडं बघितलं नाही. त्या शेठच्या बंडीकडं बघत होत्या, डाव्या काखेखाली, बरोबर माझी बारीक टीप आहे तिथं. माझा पाय पायट्यावरून घसरला आणि मशीननं चार टाके हवेत मारले. शेठ मात्र मान डोलावत म्हणाले, "बघा! अशी निष्ठा."

नूतन जाताना माझ्याजवळ वाकली. "मामा, तुमचं ऐकतात का या? रक्त पुढं कधीही भरून येईल. नसांचं तसं नाही. आणखी काही महिने गेले तर पाय परत मिळतील असं मी सांगू शकत नाही."

ती गेल्यावर मी नऊ नंबरची वही काढली. हिरव्या पुठ्ठ्याची. चातुर्मासातलं पान सापडलं. "शेठ. बंडी दोन, पांढरी. डाव्या काखेखाली आतून खिसा, पुडी मावेल एवढा. कुणाला बोलू नये." अक्षर माझंच. मग पुढची पानं उलटली. बरोबर वीस दिवसांनी, "भाभी. ब्लाउज तीन. दंड बारा. म्हणाल्या, आजपासून दूध बंद, तब्येत उतरेल, शिवण आत घ्यायला जागा ठेवा."

मी बोटावर मोजलं. वीस दिवस. तेवढ्यात बंडी चार वेळा तरी धुतली गेली असणार. शेठ पुडी काढून घेत असतील, पण चोरखिशाच्या तळाला राहिलेला चुरा कोण काढणार? आणि त्या घरात शेठचे कपडे मोलकरीण धूत नाही, भाभी धुतात.

म्हणजे बाईला पहिल्या महिन्यापासून माहीत होतं. तिनं भांडण केलं नाही, साध्वीजींकडं तक्रार केली नाही. नवऱ्यानं सोडलेलं खरं सुटेपर्यंत आपण आपलं एक सोडलं आणि बसली वाट बघत. तिला वाटलं, याला समजेल. याला वाटलं, तपस्या आहे. दोघंही पाच वर्षं शेजारी शेजारी बसून जेवली. आणि मी, दोघांची मापं एकाच वहीत असलेला, शिवणीत जागा ठेवत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठनी दुकान उघडून अगरबत्ती लावली. मी कात्री आणि वही घेऊन गादीपाशी गेलो.

"शेठ, बंडी काढा."

"का? फाटली?"

"न्हाई, उसवायचीय."

त्यांनी इकडंतिकडं बघितलं. "हळू बोल की दादाभाऊ! आत ऐकू जाईल."

"आत पाच वर्षांपूर्वीच गेलंय. हे वाचा."

त्यांनी दोन्ही नोंदी वाचल्या. मग चष्मा पुसून पुन्हा वाचल्या. "तिला माहीत असतं तर ती बोलली असती."

"भाभी कधी बोलल्यात का? त्यांनी दूध सोडलं. तुमी त्याला तेज म्हणाला."

"मी समजत होतो, धर्मासाठी..."

"तुमच्या तोंडासाठी व्हतं, शेठ."

माणूस गादीवर बसल्या बसल्या चार इंचांनी कमी झाला. हे माप मी वहीत लिहिलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी बंडी उतरवली, आतली पुडी काढून माझ्या मशीनवर ठेवली आणि गंजिफ्राकावर तसेच आत हाक मारली, "संयमची आई, जरा बाहेर ये." संयम त्यांचा मुलगा, आळेफाट्याचं दुकान बघतो.

भाभी डिंपलच्या खांद्याला धरून आल्या. पुडी बघितली. बंडी बघितली. माझ्या हातातली कात्रीही बघितली.

शेठनी हात जोडले. "आजपासून जन्मभरासाठी..."

"जन्मभराचं बोलू नका," भाभींनी तिथंच तोडलं. "मागं बोललात तेसुद्धा जन्मभराचंच होतं. जेवढं पाळाल तेवढंच बोला. आज सूर्य मावळेपर्यंत म्हणा."

"आणि उद्या?"

"उद्याचं उद्या उठून म्हणा."

"आणि तू सुई घेशील?"

"तुमचा एक दिवस, माझी एक सुई."

तोवर नूतन रस्ता ओलांडून आली होती. "काकू, सुई एक दिवसाआड आहे."

"मग यांचे दोन दिवस, माझी एक. आजची उचल म्हणून दे." मग माझ्याकडं वळल्या. "आन् दादाभाऊ, खिसा तुमी शिवला."

"भाभी, मी कारागीर माणूस. सांगितलं ते शिवलं."

"शिवलं. आन् 'कुणाला बोलू नये' तेपण पाळलं. पाच वर्षं. यांच्यापेक्षा तुमीच नियमाचे पक्के." माझे कान तापले. "आता यांच्या सगळ्या बंड्यांना खिसा बाहेरून लावा. आन् माझा नियम सुटेपर्यंत या घरचा चहा तुमाला कोरा मिळेल."

मी एकतीस वर्षं त्या घरचा दुधाचा, वेलदोड्याचा चहा पीत आलोय. कोरा चहा पहिल्यांदा प्यालो तेव्हा पाच वर्षं म्हणजे किती, ते जिभेला कळलं.

भाभींनी दंड पुढं केला. सुई घेतली. मी त्या दोन्ही बंड्यांचे चोरखिसे ओट्यावरच उसवले. एकात अजून चुरा होता.

मग ओट्यावर रोज सकाळी एक कार्यक्रम सुरू झाला. शेठ अगरबत्ती लावायचे, आत जायचे, हात जोडून "आज सूर्य मावळेपर्यंत" म्हणायचे आणि चेहरा पाडून गादीवर यायचे. पहिले चार दिवस त्यांनी गिऱ्हाइकांवर एवढी चिडचिड केली की लोक मला विचारायचे, शेठना बरं नाही का? बाहेरच्या खिशात डिंपलनं बडीशेप भरून ठेवली होती. शेठ ती अशी चावायचे की बडीशेपेनं त्यांचं काहीतरी वाईट केलं असावं.

सातव्या दिवशी नूतननं पुन्हा रक्त तपासलं. कागद फडकवतच आली. "कोवळ्या पेशी धडाधड यायला लागल्यात! दाते मिळाले, चेन चालू झाली." भाभी म्हणाल्या, "मला वाटलंच. काल मिरचीचं लोणचं लागलं जिभेला."

नवव्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. शेठ जनावरांच्या बाजारात एका जुन्या गिऱ्हाइकाला भेटायला गेले. पेठेकडचा व्यापारी, रखमाजी. तासाभरानं परत आले ते गादीवर न जाता ओट्याच्या खालीच उभे राहिले. भाभी माझ्याकडं नव्या ब्लाउजची काजं बघत बसल्या होत्या. त्या दिवशी सुई होती.

"रखमाजीनं पुडी पुढं केली," शेठ म्हणाले. "मी घेतली. चिमूटभर. थुंकलो, पण घेतली."

डिंपल दारातच थांबली. मी मशीन थांबवलं. रस्त्यापलीकडं नूतन सुईत औषध भरून उभी होती, तीही थांबली. सगळ्यांच्या मनात एकच, आता बाई "नको" म्हणणार.

"कुणी बघितलं?" भाभींनी विचारलं.

"कुणी नाही."

"मग सांगितलं कशाला?"

"तूच म्हणालीस ना, पाळाल तेवढंच बोला. आज पाळलं नाही, तर तेही बोलायला पाहिजे."

भाभींनी हातातलं ब्लाउज उलटंपालटं केलं. माझं एक काज तिरकं गेलं होतं, त्याच्यावर बोट ठेवलं. "दादाभाऊ, याचं काय करणार? ब्लाउज टाकून देणार?"

"न्हाई भाभी. तेवढंच उसवून परत करतो."

"मग नूतनला बोलवा. उशीर नको." आणि शेठना म्हणाल्या, "तुमी पायऱ्या चढून वर या. उन्हात काय उभे राहिलात? आजचा दिवस परत मोजा, आत्तापासून मावळेपर्यंत."

त्यानंतर शेठ एकदाही घसरले नाहीत, असं ते म्हणतात, आणि या वेळी मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो. कारण चोरखिसा शिवणारा बेल्ह्यात मी एकटाच आहे.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी भाभींनी नियम सोडला. डिंपलनं वाटीत कोमट दूध आणलं. शेठनी ते स्वतःच्या हातानं पुढं केलं आणि घाईत निम्मं गादीवरच्या ठाणावर सांडलं. भाभी म्हणाल्या, "ठाण खराब झालं बघा." नंतर प्यायल्या. त्या दिवशी माझा चहाही दुधाचा आला. मी दोन कप घेतले, दुसरा मागच्या भरपाईचा.

पाय पूर्ण आलेले नाहीत. बोटांना अजून मुंग्या येतात, नूतन म्हणते वर्षभर लागेल आणि थोडं राहीलही. पण परवा भाभी ओट्याच्या तिन्ही पायऱ्या एकट्या चढल्या, खाली न बघता. ब्लाउजचं कापड माझ्यापुढं ठेवलं.

मी सवयीनं वही उघडली. "मागचंच माप धरू का?"

"नको, नवीन घ्या," त्या म्हणाल्या. "आन् शिवणीत दीड इंच ठेवा. लंकाबाईला ठेवता तेवढं."